मायफळ, हिराकस आणि काळी नखं

१८५४ च्या डिसेंबरात, नाताळच्या तोंडावर, लंडनच्या कोर्टात तीन दिवस एक खटला चालला. ज्युरीपुढचा प्रश्न एखाद्या औषधविक्याच्या दुकानात सुटावा असा होता: गॅलिक आम्ल आणि पायरोगॅलिक आम्ल या दोन वेगळ्या वस्तू आहेत, की एकीचीच दोन रूपं? पण त्या उत्तरावर इंग्लंडमध्ये फोटो काढून पोट भरणाऱ्या कित्येकांचा धंदा टांगला होता. वादी होते विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट, लेकॉक ॲबीचे जमीनदार आणि कागदी निगेटिव्हचे जनक. प्रतिवादी ऑक्सफर्ड स्ट्रीटवरचा मार्टिन लारोश हा पोर्ट्रेट काढणारा फोटोग्राफर. त्याचं खरं नाव सिल्व्हेस्टर. टॅलबट यांचे वकील विल्यम ग्रोव्ह स्वतः नावाजलेले शास्त्रज्ञ होते. फ्युएल सेलची मूळ कल्पना त्यांचीच.

भांडण कॅमेऱ्याचं नव्हतं, भिंगाचंही नव्हतं. ते होतं फोटो ज्या पाण्यातून वर येतो त्या पाण्याचं, म्हणजे डेव्हलपरचं.

फोटोग्राफीच्या इतिहासात सगळा मान कॅमेरा खाऊन जातो. वस्तुसंग्रहालयांत पितळी भिंगं आणि सागवानी पेट्या मांडलेल्या असतात. बाटल्या कोण मांडणार? पण सुरुवातीच्या पाऊणशे वर्षांत एक्स्पोजर तासांवरून सेकंदांवर आणि सेकंदांवरून क्षणार्धावर आलं ते मुख्यतः रसायनांच्या जोरावर. आणि ही रसायनं फोटोग्राफरांनी स्वतः शोधलेली नव्हती. ती बहुतेक वेळा शेजारच्या एका जुन्या धंद्यातून उचलून आणलेली होती. तो धंदा म्हणजे शाई, कातडी आणि कापड रंगवणाऱ्यांचा.

टॅलबट १८३९ मध्ये जे करत होते त्यात डेव्हलपर नव्हताच. चांदीच्या क्षारांनी माखलेला कागद कॅमेऱ्यात ठेवायचा आणि उजेडाने तो आपोआप काळवंडेपर्यंत थांबायचं. चांगल्या उन्हात तास-तास जायचा. त्याच सुमारास पॅरिसमध्ये लुई दागेर चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर तापवलेल्या पाऱ्याची वाफ देऊन चित्र उमटवत होते. कपाटात फुटलेल्या थर्मामीटरमधून सांडलेल्या पाऱ्याने दागेरना हा शोध लावून दिला, अशी गोष्ट पुढे फार रंगवून सांगितली गेली. गोष्ट छान आहे. खरी असेलच असं नाही. पाऱ्याची वाफ मात्र खरी होती आणि विषारीही.

१८४० च्या सप्टेंबरात टॅलबट यांच्या हाती मोठं घबाड लागलं. कागदाची संवेदनक्षमता वाढवायला ते गॅलिक आम्ल आणि सिल्व्हर नायट्रेट यांचं मिश्रण वापरून पाहत होते. कॅमेऱ्यात फार थोडा वेळ ठेवलेल्या, दिसायला कोऱ्याच असलेल्या कागदांवर त्यांनी हे मिश्रण पुन्हा फिरवलं, आणि त्या कोऱ्या कागदांवर चित्र वर येऊ लागलं. म्हणजे उजेडाने आपलं काम आधीच करून ठेवलं होतं. फक्त ते डोळ्याला दिसत नव्हतं. या न दिसणाऱ्या चित्रावर पुढची दीडशे वर्षं सगळी फोटोग्राफी उभी राहिली. टॅलबट यांनी फेब्रुवारी १८४१ मध्ये या ‘कॅलोटाइप’ पद्धतीचं पेटंट घेतलं.

गॅलिक आम्ल येत असे ओकच्या झाडावरच्या गाठींमधून. एक बारीक माशी ओकच्या फांदीत अंडं घालते आणि झाड त्याभोवती कडक गोळा धरतं. मराठी घरात ही वस्तू परकी नाही: बाळगुटीत सहाणेवर वळसे देऊन उगाळतात ते मायफळ हेच. युरोपात मायफळाचा मोठा खप होता तो शाईसाठी. मायफळाचा काढा आणि हिराकस, म्हणजे लोखंडाचा एक क्षार, एकत्र केली की काळीभोर, न पुसणारी शाई होते. आपल्याकडे हेच काम हिरडा आणि हिराकस करत आली. कातडी कमावणाऱ्यांनाही मायफळ आणि हिरडा लागतोच.

या कातड्याचा एक किस्सा आहे. जोसेफ बॅनक्रॉफ्ट रीड नावाचे सूक्ष्मदर्शकाचे नादी धर्मोपदेशक १८३९ च्या सुमारास असेच प्रयोग करत होते. आपल्या पत्नीचे पांढरे कातडी हातमोजे त्यांनी प्रयोगासाठी घेतले. कमावलेल्या कातड्यावर चांदीचे क्षार साध्या कागदापेक्षा जास्त चपळ वागतात असं त्यांना दिसलं. दुसरा जोड द्यायला बाईंनी साफ नकार दिला, तेव्हा रीड यांनी कातडी कमावण्याचं द्रव्यच कागदावर लावून पाहिलं, म्हणजे मायफळाचा काढा. ही हकीकत रीड यांनीच पुढे सांगितली, आणि १८५४ च्या खटल्यात प्रतिवादीने त्यांचं हे जुनं काम टॅलबट यांच्यापुढे ढालीसारखं धरलं.

खटल्याचं मूळ मात्र तीन वर्षांपूर्वीचं. १८५१ च्या मार्चमध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर या लंडनच्या शिल्पकाराने काचेवरच्या ओल्या कलोडियनची पद्धत छापून सगळ्यांना मोकळी करून दिली. पेटंट घेतलं नाही. १८५७ मध्ये तो गरिबीत वारला. आर्चरचा डेव्हलपर होता पायरोगॅलिक आम्ल. गॅलिक आम्ल तापवलं की हे मिळतं. स्वीडनचे कार्ल विल्हेल्म शेले यांनी ते १७८६ मध्येच काढून दाखवलं होतं. टॅलबट यांचं म्हणणं असं, की काच असो वा कागद, न दिसणारं चित्र मायफळाच्या कुळातल्या आम्लाने वर आणलं की ते माझ्या पेटंटखाली येतं. छंद म्हणून फोटो काढणाऱ्यांना त्यांनी १८५२ मध्ये मोकळीक दिली होती, पण पैसे घेऊन पोर्ट्रेट काढणाऱ्यांना नाही.

दोन्ही बाजूंचे रसायनज्ञ साक्षीला उभे राहिले. ज्युरीने निकाल दिला तो मोठा धूर्त होता. कॅलोटाइपचे पहिले आणि खरे संशोधक टॅलबटच; पण लारोशने त्यांचा हक्क मोडलेला नाही. म्हातारा खूश आणि धंदेवाले मोकळे. टॅलबट यांनी पेटंटची मुदत पुढे वाढवून घेण्याचा नाद सोडला आणि लंडनमध्ये फोटोच्या दुकानांचं पीक आलं.

त्याच १८५४ च्या ऑक्टोबरात मुंबईत ‘बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी’ स्थापन झाली होती. डॉ. भाऊ दाजी लाड, त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी आणि हरिश्चंद्र चिंतामण ही या वर्तुळातली मराठी मंडळी. दोन्ही दाजी बंधू डॉक्टर, तेव्हा तराजू-बाटल्यांची त्यांना सवय होतीच. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्गही निघाला. त्याच सुमारास मुंबई तोफखान्याचे कॅप्टन थॉमस बिग्ज विजापूर, बदामी, ऐहोळेच्या इमारती कागदी निगेटिव्हवर उतरवत फिरत होते. काच येऊनही कागद मागे पडला नव्हता, आणि त्याला कारण होतं हवामान.

ओल्या कलोडियनची अडचण नावातच आहे. काचेवर कलोडियन हे चिकट द्रावण ओतायचं, ती सिल्व्हर नायट्रेटच्या कुंडात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, आणि सुकायच्या आत धुवायची. थंड देशात त्याला दहा-पंधरा मिनिटं मिळत; वैशाखातल्या दख्खनमध्ये त्याहूनही कमी. म्हणजे जिथे फोटो, तिथे काळोखी खोली. रॉजर फेंटन १८५५ मध्ये क्रिमियाच्या युद्धावर गेला तो एका दारूविक्याची जुनी गाडी डार्करूम करून, सातशे काचा सोबत घेऊन. सॅम्युअल बोर्नने १८६६ मध्ये मनिरंग खिंडीत १८,६०० फुटांवर काचा धुतल्या. त्याचा तंबू, काचा आणि बाटल्या हमालांच्या पाठीवर होत्या, ही गोष्ट त्याच्या कौतुकात जरा मागेच राहते.

काच धुणं म्हणजे हातचलाखीचं काम. डाव्या हाताच्या बोटांवर काच आडवी तोलून धरायची, उजव्या हातातल्या पेल्यातून डेव्हलपर एका कडेने असा सोडायचा की तो एकाच लाटेत सगळ्या काचेवर पसरावा. लाट मध्येच अडखळली तर तिथे कायमची रेघ. जास्त ओतला तर काठावरून सांडताना काचेवरची मोकळी चांदी घेऊन जाणार, आणि चित्र फिकं पडणार. कारण या पद्धतीत डेव्हलपर मुख्यतः काचेवर लोंबकळणारी सिल्व्हर नायट्रेटची चांदीच चित्रावर बसवत असतो. मग पिवळ्या उजेडात काच डोलवत राहायचं. आधी आकाश काळं पडतं, मग भिंती, मग चेहरे. आणि सावल्यांत तपशील दिसू लागला की लगेच पाणी. एक-दोन सेकंद इकडेतिकडे झाले की काच वाया.

पायरोगॅलिक आम्लाने, फोटोवाल्यांच्या भाषेत पायरोने, हे काम संथपणे होई. म्हणून लवकरच बहुतेक फोटोग्राफर हिराकशीकडे वळले. हिराकस, थोडं ॲसेटिक आम्ल, थोडा अल्कोहोल, बाकी पाणी. हा डेव्हलपर स्वस्त होता, तडफदार होता आणि त्याने एक्स्पोजरही कमी लागे. आता दौतीतले दोन्ही जिन्नस, मायफळाचं सत्त्व आणि हिराकस, फोटोवाल्याच्या पेटीत आले होते.

पुढचं वळण एका डॉक्टरच्या कुरबुरीतून आलं. रिचर्ड लीच मॅडॉक्स यांना कलोडियनमधल्या ईथरच्या वाफा सोसत नव्हत्या. १८७१ च्या सप्टेंबरात त्यांनी चांदीचं ब्रोमाइड जिलेटीनमध्ये धरून ठेवण्याची कल्पना छापली. १८७८ मध्ये चार्ल्स बेनेटने हे जिलेटीन बराच वेळ ऊबेत मुरवलं तर प्लेट कितीतरी जलद होते हे दाखवलं, आणि कारखान्यात तयार होणाऱ्या कोरड्या काचा बाजारात आल्या. आता तंबू नको, हमाल नकोत. काच आज घ्या, पुढच्या महिन्यात धुवा.

पण कोरड्या काचेवर मोकळी चांदी नसते. डेव्हलपरला थेट ब्रोमाइडच्या कणाशीच झुंजावं लागतं. उजेड लागलेल्या कणावर चांदीचे जेमतेम चार-पाच अणू सुटे झालेले असतात. डेव्हलपर तिथून शिरतो आणि अख्ख्या कणाची चांदी करतो. परिणाम अब्जावधी पटींनी वाढतो. मात्र उजेड न लागलेल्या कणांनाही तो सोडत नाही, फक्त त्यांच्याकडे सावकाश वळतो. फोटो धुण्याची सगळी कला या दोन वेगांच्या मधल्या फटीत बसवलेली आहे. आम्लातला जुना पायरो इथे लुळा पडला. त्याला अल्कली लागत होती. मेजर रसेलने १८६० च्या दशकात पायरोला अमोनिया आणि आवर घालायला ब्रोमाइड जोडून वाट दाखवलीच होती. कोरड्या काचांनी ती हमरस्ता केली. फिलाडेल्फियाच्या कॅरी ली यांनी १८७७ मध्ये लोखंडालाही फेरस ऑक्झलेटच्या रूपात या कामाला लावलं.

पायरो मात्र सगळ्यांचा लाडका राहिला आणि सगळ्यांच्या शिव्याही खात राहिला. हवेत तो बघता बघता तपकिरी होतो. काच पिवळी पडते, कपड्यावर पडलेला डाग जात नाही, आणि बोटं तर विचारू नका. काळी नखं ही त्या काळातल्या फोटोवाल्याची निशाणी होती. काहीजण ती साफ करायला पोटॅशियम सायनाइड वापरत! १८८२ मध्ये हर्बर्ट बर्कले यांनी पायरोत सोडियम सल्फाइट घातलं आणि हा कहर बराच उतरला. सल्फाइट हवेतला ऑक्सिजन आधी आपल्या अंगावर घेतं. आजतागायत बहुतेक डेव्हलपरमध्ये ते आहे. दोन वर्षं आधी, १८८० मध्ये, कॅप्टन विल्यम ॲबनी या लष्करी इंजिनियरने हायड्रोक्विनोन आणलं होतं. तरुणपणी त्याने हिंदुस्थानात नोकरी केली होती.

आणि मग गोष्ट बर्लिनला जाते.

१८५६ मध्ये लंडनच्या अठरा वर्षांच्या विल्यम पर्किनने कोळशाच्या डांबरातून जांभळा रंग काढला. इंग्लंडने शोध लावला आणि धंदा जर्मनीने नेला. बर्लिनच्या एका ॲनिलिन रंगांच्या कारखान्याच्या संस्थापकांत संगीतकार मेंडेलसनचा मुलगा पॉल होता. त्या कंपनीचं आद्याक्षरी नाव पुढे जगभर दुमदुमलं, आग्फा. रंग करताना शेकडो मधली द्रव्यं निघतात. मोम्मे आंद्रेसन हा तिथला रंगरसायनज्ञ, फोटोचा शौकीन. त्याने ही मधली द्रव्यं एकेक करून चांदीच्या क्षारांवर घालून बघितली. १८८८ मध्ये पॅराफेनिलीनडायअमीन, १८८९ मध्ये ‘आयकोनोजेन’ आणि १८९१ मध्ये पॅरा-ॲमिनोफिनॉलवर आधारलेलं ‘रोडिनाल’. स्टुटगार्टजवळच्या फॉयरबाखमध्ये हाउफ यांच्या कारखान्यात आल्फ्रेड बोगिशने त्याच वर्षी ‘मेटॉल’ काढलं. पन्नास वर्षांत जेवढे डेव्हलपर आले नव्हते तेवढे या चार-पाच वर्षांत आले.

योगायोग नव्हता तो. आंद्रेसन आणि लिऑनचे ल्युमिएर बंधू यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, १८९१ च्या सुमारास एक नियम मांडला. बेंझिनच्या कड्यावर हायड्रॉक्सिल किंवा अमिनो गट दोन असावेत आणि ते शेजारी किंवा समोरासमोर असावेत. तरच पदार्थ डेव्हलपर होतो. हायड्रोक्विनोन आणि कॅटेकॉल काम करतात; तेच अणू, तेवढेच अणू असलेलं रिसॉर्सिनॉल मात्र कोरडं राहतं, कारण त्यात गट एक घर सोडून बसलेले असतात. चाचपडणं संपलं. आता कागदावर आकृती काढून सांगता येत होतं, कुठलं रसायन फोटो धुवेल.

रोडिनालने घरगुती डार्करूमची रीतच बदलली. त्याआधी पायरो तोलायचा, सल्फाइट तोलायचं, अल्कली वेगळी, ब्रोमाइडचे थेंब मोजायचे. रोडिनाल म्हणजे एक दाट द्रावण: थोडं काढा, वीसपट, पन्नासपट, शंभरपट पाणी घाला, काम झाल्यावर ओतून द्या. कोडॅकने १८८८ मध्ये शंभर फोटोंची फिल्म भरलेला कॅमेरा काढून तो रॉचेस्टरला धुवायला परत मागवायची सोय केली ती ज्यांना बाटल्यांच्या भानगडीत पडायचंच नव्हतं त्यांच्यासाठी. ज्यांना पडायचं होतं, त्यांना रोडिनाल.

जुन्या खोडांना हे पचलं नाही. त्यांची श्रद्धा अशी, की एक्स्पोजर चुकलं तरी पायरोचे थेंब कमीजास्त करून, अंगठ्याने जागा चोळून, फुंकर घालून हवं ते चित्र काढता येतं. १८९० मध्ये विडनेसच्या रासायनिक कारखान्यातले दोन मित्र, फर्डिनांड हुर्टर आणि व्हेरो ड्रिफील्ड, मोजमापं घेऊन पुढे आले. म्हणाले, उजेडाने ठरवलेलं प्रमाण डेव्हलपरला मनमानी फिरवता येत नाही. तो फक्त सगळं चित्र कमी किंवा जास्त ठळक करतो. भांडण जुंपलं. विरोधकांत खुद्द ॲबनीही होते. कलेचा मक्ता आपल्याकडे आहे असं मानणाऱ्याला तराजू दाखवला की तो असाच चिडतो. एक्स्पोजर आणि काळेपणा यांचं नातं दाखवणारी हुर्टर-ड्रिफील्डची वक्ररेषा शेवटी टिकली. हेरफर्डच्या आल्फ्रेड वॉटकिन्स यांनी त्या शास्त्रातून धंदेवाल्याला पेलेल असा तोडगा काढला: चित्राचा पहिला मागमूस किती सेकंदांत दिसतो ते मोजा, त्या त्या डेव्हलपरच्या ठरलेल्या आकड्याने गुणा, आणि तेवढा वेळ धुवा. हायड्रोक्विनोनचा आकडा लहान, मेटॉल-रोडिनालचा तीसच्या आसपास, कारण त्यांत चित्र चटकन दिसतं पण भरायला वेळ घेतं. म्हणूनच मेटॉल आणि हायड्रोक्विनोन एकत्र वापरायची रीत पडली. एकाने सावल्या लवकर आणायच्या, दुसऱ्याने अंग भरायचं. दोघं मिळून वेगवेगळ्या कामाच्या बेरजेपेक्षा जास्त काम करतात.

डेव्हलपरचा नियम मांडणाऱ्या त्याच ल्युमिएर बंधूंचा सिनेमॅटोग्राफ ७ जुलै १८९६ ला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात आला. तो पाहून हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, भारावले. हा माणूस स्वतः फोटो स्टुडिओ चालवणारा. तरीही १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमधल्या कुस्तीचं त्यांनी केलेलं चित्रण धुवायला लंडनला गेलं. काच धुणं वेगळं आणि शेकडो फूट फिल्म सगळीकडून सारखी धुणं वेगळं.

दादासाहेब फाळक्यांनी ते घरात आणलं. गोध्र्याला त्यांनी फोटोचा धंदा केलेला, छपाईत मुरलेले. रसायनांची भीती नव्हती. १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा, पर्फोरेटर आणि कोडॅकची कोरी फिल्म घेऊन आले. दादरच्या घरात सरस्वतीबाई अंधारात फिल्मला भोकं पाडत, द्रावणं कालवत, धुण्याला हात देत. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ ला कॉरोनेशन थिएटरात लागला त्याआधी त्याची फूट-न्-फूट फिल्म या घरगुती कारखान्यातून गेली होती. पडद्यावरच्या नावांत सरस्वतीबाई नसल्या तरी त्या पहिल्या मराठी फिल्म-लॅबच्या प्रमुख होत्या, असं म्हणायला हरकत नाही.

पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटलं आणि जगाला कळलं की मेटॉल जर्मनीतून येतं. नाकेबंदी झाली, भाव भडकले. त्यात विमानातून शत्रूचे खंदक टिपण्यासाठी फोटो तर पूर्वी कधी नव्हते तेवढे लागत होते. फिल्मला लाल रंग दिसावा म्हणून लागणारे रंगही जर्मनच. ते केंब्रिजमध्ये विल्यम पोप यांच्या प्रयोगशाळेने बनवले. अमेरिकेत कोडॅकने मेटॉल स्वतः करून ‘एलॉन’ नावाने विकलं. एवढ्यावर न थांबता १९१८ मध्ये सेंद्रिय रसायनांचा वेगळा विभाग काढला आणि विद्यापीठांच्या प्रयोगशाळांना बाटल्या पुरवायला सुरुवात केली. इतकी वर्षं रंगवाल्यांच्या दारात उभे राहिलेले फोटोवाले आता रसायनज्ञांना माल देऊ लागले होते.

त्याच कोडॅकमध्ये जॉन कॅपस्टाफ यांनी १९२६ च्या सुमारास सिनेमाच्या निगेटिव्हवरून दुसरी निगेटिव्ह काढण्यासाठी एक पाठ बसवला: लिटरभर पाण्यात मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम आणि टाकणखार २ ग्रॅम. टाकणखार ही अगदी सौम्य अल्कली. त्यामुळे डेव्हलपर सावकाश चालतो, आणि भरपूर सल्फाइटमुळे चांदीचे कण बारीक राहतात. १९२५ मध्ये लायका कॅमेरा बाजारात आला होता आणि त्याच्या आगपेटीएवढ्या निगेटिव्हवरून मोठे फोटो काढणाऱ्यांना नेमकं हेच हवं होतं. कोडॅकने या पाठाला डी-७६ म्हटलं आणि तो उघड छापला. इल्फर्डने तोच आयडी-११ नावाने विकला, आणि ज्यांच्याकडे तराजू होता ते घरीच कालवू लागले.